चंद्राच्या बोलपटाला वडशाची चाल

दादर, मुंबई
१२ डिसेंबर १९५७

ती. गं. भा. इंदुताईस,
मुखरूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील. पण कारण ऐकलंस की राग जाईल. ताई, मला बोलपट मिळाला! सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबलो, आता दिग्दर्शक म्हणून पडद्यावर माझं नाव येणार. रशियाने आकाशात तो उपग्रह सोडल्यापासून आमच्या शेठजींनी ध्यास घेतला आहे की आपणही माणूस चंद्रावर पाठवायचा, पडद्यावर का होईना. गोष्ट मीच लिहिली. एक शास्त्रज्ञ एकटाच यानात बसून चंद्रावर जातो आणि तिथून त्याला आपली पृथ्वी दिसते, एवढीच.

अडलं आहे ते संगीतात. शेठजींच्या मनातले संगीतकार फार नामांकित आहेत. त्यांनी पेटीवर चंद्र वाजवून दाखवला, तो थेट हॉटेलातल्या बँडसारखा. चंद्रावर चार मुली नाचतील असं ते धरूनच चालले आहेत. दुसऱ्या गृहस्थांनी सतारीवर चांदणं वाजवलं, मला झोप आली. तिसरे तर सुताराची करवत घेऊन घरी आले आणि तीवर व्हायोलिनचा गज फिरवू लागले. घरमालकीणबाई वर धावत आल्या, कोणाच्या पोटात दुखतंय म्हणून.

तेव्हा मला भावजींची आठवण झाली. दहा वर्षांचा असताना मी वडशाला तुझ्याकडे आलो होतो. नाटकात पाताळाचं दार उघडताना भावजी पायपेटीवर जे वाजवत, त्याने माझे हात गार पडले होते. मला तसं हवं आहे. भावजींच्या चालींच्या वह्या रजिस्टर पोस्टाने पाठव. त्या नामांकितांना दाखवतो, आणि पडद्यावर भावजींचं कै. बापूजी मास्तर हे नाव आदराने लावतो.

तुझ्या सासूबाई शकुबाईंना साष्टांग नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
मुखरू


वडसा
२१ डिसेंबर १९५७

चि. मुखरूस,
इंदूचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या, इतका आनंद झाला. आता रागाचं सांगते. पाकिटावर ते गं. भा. लिहिणं बंद कर. यांना जाऊन तीन वर्षं झाली. आमचा पोस्टमन वारलू दारात उभा राहून माझ्या नावाआधी माझं दुःख मोठ्याने वाचतो. नुसतं इंदू लिही, पत्र पोचतं.

दुसरी गोष्ट. वह्या नाहीत. वह्या कधी नव्हत्याच, कारण त्या चाली यांच्या नव्हत्या. माझ्या होत्या.

दुपारी तांदूळ निवडता निवडता मी गुणगुणत असे, आणि संध्याकाळी हे ते पायपेटीवर बसवत. यांचा हात फार गोड होता, मनही गोड होतं, पण चाल सुचत नसे. ते कधी खोटं बोलले नाहीत. चाल कोणाची हे कोणी विचारलंच नाही, एवढंच.

तुझ्या त्या पाताळाचं सांगते. रेल्वेच्या रुळाकाठी तारेचा खांब आहे ना, त्याला कान लावला की आत कोणीतरी लांबून गात असल्यासारखं येतं. ते मला पेटीतून काढायचं होतं. शेजारशेजारचे दोन सूर एकदम दाबायचे आणि पायाचा जोर अर्ध्यावर ठेवायचा. सूर थरथरायला लागतो.

आणि तुझे तिन्ही संगीतकार चंद्र वाजवायला बसले, तिथेच चुकले. तिथे हवा नाही हे तूच मला शिकवलंस. मग आवाज कुठला? वाजते ती मागे राहिलेली पृथ्वी. भाताच्या रोवणीच्या दिवसांत मी आरमोरीहून सासरी परत निघाले की बांधीत, चिखलात रोपं लावणाऱ्या बायांचं गाणं गाडीमागून येत राही. आधी शब्द जात. मग एकेक सूर गळे. शेवटी एकच उरे आणि तो गेला की मला कळे, आता माहेर संपलं. तुझा शास्त्रज्ञ तसाच जाऊ दे. रोवणीची चाल एकेक सूर गाळत न्यायची, चंद्रावर पाय टेकला की काहीच नाही. सोबत सरगम लिहून पाठवते आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. तुझ्यावर माया आहेच, तीत खंड पडणार नाही.

तुझी ताई
इंदू


दादर, मुंबई
४ जानेवारी १९५८

ती. इंदुताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वीस वर्षं मी भावजींची स्तुती तुझ्याचसमोर करत होतो आणि तू मला वाढत होतीस. एकदा तरी म्हणायचं होतंस.

तुझी सरगम कचेरीतल्या पेटीवर वाजवली. शेठजी पान चघळायचे थांबले. शेवटचा सूर गेल्यावर शेठजींनी पहिला प्रश्न केला की ही चाल कोणाची. मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, चाल ठेवू, पण नाव त्या नामांकितांचं लागेल. वडशाच्या बाईचं नाव पाहून एकही थिएटरवाला चित्र घेणार नाही.

मला वाईट वाटलं, पण ताई, जरा विचार कर. हे चित्र गेलं तर मला दुसरं मिळणार नाही. चाल तुझीच वाजेल, सगळा देश ऐकेल. नाव काय, पडद्यावर क्षणभर येतं आणि जातं. शेठजी पुढे शालजोडी देऊन तुझा सत्कारही करतील. तुझा होकार कळव. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
मुखरू


वडसा
१३ जानेवारी १९५८

चि. मुखरूस,
आशीर्वाद.

नाव क्षणभर येतं आणि जातं, तर तुझंच काढ.

आमच्याकडे काय चाललं आहे ते ऐक. नाटक मंडळीचे मालक लच्छूभाऊ यंदाही नव्या चाली घेऊन गेले आणि हस्तपत्रकावर छापलं, संगीत कै. बापूजी मास्तर. तीन वर्षांपूर्वी गेलेला माणूस दर हिवाळ्याला नव्या चाली देतो आहे, आणि अख्ख्या झाडीपट्टीत एकालाही नवल वाटत नाही! मी गप्प होते. आधी यांच्यासाठी, मग सासूबाईंसाठी. लेकाचं नाव तेवढंच उरलं आहे म्हणत असत. आता मुंबईच्या एका अनोळखी माणसासाठी गप्प बसू? तो माणूस बांधीत उतरलेला नाही, त्याने तारेच्या खांबाला कान लावलेला नाही. शालजोडी त्यालाच पांघरा.

तुला नाही म्हणायचं तर आधी घरात खरं सांगायला हवं होतं. काल सासूबाई ऊन खात बसल्या होत्या, तेव्हा सांगितलं. मला वाटलं होतं रडतील, घालून पाडून बोलतील. त्या बराच वेळ पायाची बोटं चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले मालूम होतं. तू चुलीपाशी गाये आन् तोच गाना दुसऱ्या दिवशी माह्या पोराच्या पेटीत निंघे. मी काय बहिरी हावो?" मग एवढंच मागितलं की गावात माझ्या लेकाला लबाड म्हणू नको. मी म्हटलं, लबाड नव्हतेच ते.

तेव्हा माझं उत्तर असं. नाव लागलं तर चाल, नाही तर सरगम फाडून टाक. तुझं चित्र बुडलं तर वडशाला ये, माझ्या घरी दोन वेळचा भात आहे. घाबरलास तरी तू माझा भाऊच आहेस.

तुझी ताई
इंदू


दादर, मुंबई
२९ जानेवारी १९५८

ती. इंदुताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पहिलं वाक्य वाचून कान तापले. दोन दिवस कचेरीत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि शेठजींना सांगितलं की ताईचं नाव नसेल तर माझंही नको. ते हसले. मग मी खरोखरच कागद आवरू लागलो, तेव्हा हसणं थांबलं.

पुढचं तुला खरं वाटणार नाही. शेठजींनी त्या नामांकितांना बोलावून तुझी सरगम पुढे ठेवली. त्यांनी ती एकदा वाजवली, चष्मा काढला आणि म्हणाले की यात गळणारा सूर मी कधी गाळला नसता. हे माझं नाही, यावर मी सही करणार नाही. मी त्यांना इतके दिवस मनात नावं ठेवत होतो, त्याची लाज वाटली.

आता शेठजींची अट आहे. एकच दिवस स्टुडिओ मिळेल, वादक त्यांचे. जमलं तर तुझं नाव, नाही तर बँड. मी त्या आठवड्यात उरलेल्या चित्रणासाठी खंडाळ्याला असेन. दगडाच्या खाणीत आम्ही चंद्राची जमीन केली आहे. तुला एकटीलाच सामोरं जायचं आहे. ढोलाला तुमच्या मंडळीतला पोचू आण. छोट्या गाडीने गोंदिया, तिथून मुंबई मेल. मी बोरीबंदरला घ्यायला येतो, तुला खोलीवर सोडून मग खंडाळ्याला जाईन.

येशील ना? तुझी वाट पाहण्याइतका तरी मला लायक समज.

तुझा
मुखरू


दादर, मुंबई
२७ फेब्रुवारी १९५८

चि. मुखरूस, खंडाळा मुक्कामी,
आशीर्वाद.

तुझ्या खोलीत बसून लिहिते आहे. पोचू समुद्र बघायला गेला आहे.

निघताना लच्छूभाऊ दारात आले होते. बाईमाणसाने परमुलुखात पुरुषांत बसून वाजवलं तर मंडळीत तिच्या चाली घेणार नाही म्हणाले. मी म्हटलं, नका घेऊ. गाडीची वेळ झाली होती.

स्टुडिओत बावीस व्हायोलिनवाले होते. मला पाहून त्यांना वाटलं मी कोणाचा तरी डबा घेऊन आले. मी समोरच्या पेटीवर जाऊन बसले. पडद्यावर तुझं यान उडालं आणि सगळे मिळून जोरात वाजवू लागले. मी हात वर करून थांबवलं. असं चारदा झालं. पुढे बसलेले पांढऱ्या केसांचे वादक वैतागले, बाई, तुम्हाला नेमकं हवं तरी काय? मी त्यांना त्यांचं गाव विचारलं. ते गोव्याचे. गाव सोडलं तेव्हा मागून काय ऐकू आलं होतं, असं विचारलं. त्यांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. मग म्हणाले की चर्चची घंटा, होडी खाडीत वळेपर्यंत. मी म्हटलं, होडी वळते आहे असं वाजवा.

पाचव्या वेळी जमलं. रोवणीची चाल सुरू झाली, पोचूचा ढोल आधी गेला, मग एकेक व्हायोलिन थांबत गेलं. शेवटी त्या म्हाताऱ्यांचा एकच सूर आणि माझे दोन थरथरते. मग मी पाय उचलला. पडद्यावर तुझा माणूस चंद्रावर चालत होता आणि स्टुडिओत कोणी खोकलंही नाही.

शेठजी म्हणाले, एवढी शांतता लोक सहन करणार नाहीत, अर्धी करा. मी सांगितलं की अर्धी केलीत तर माझं नाव मीच काढून घेईन. ते तुझ्यावर ओरडतील. ओरडू दे.

तुझ्या खोलीतली माठाखालची जागा मी घासून ठेवली आहे, पुन्हा शेवाळ येऊ देऊ नकोस. मन माझ्यासारखंच घट्ट ठेव.

तुझी ताई
इंदू


दादर, मुंबई
२० ऑक्टोबर १९५८

ती. इंदुताईस,
शि. सा. नमस्कार.

चित्र लागलं. पडद्यावर 'संगीत: इंदू, वडसा' असं स्वच्छ आलं, तू सांगितलंस तसंच.

बाकीचं गोड करून लिहीत नाही. पहिल्या आठवड्यात शांततेच्या जागी लोकांनी शिट्ट्या मारल्या, मशीन बिघडलं म्हणून पिटातले लोक ओरडले. एका वर्तमानपत्राने मात्र लिहिलं की प्रवासाचं ते संगीत ऐकून परतताना परीक्षकाला रस्त्यात थांबून घर आठवावं लागलं. दुसऱ्या आठवड्यात शेठजींनी मला न विचारता चंद्रावर चार मुली नाचवल्या, बँडवर. मी भांडलो आणि नोकरी गेली. आता नवं चित्र त्यांच्याकडून मिळणार नाही.

पण नाचाआधी निघालेली एक प्रत त्यांच्या नजरेतून सुटली. ती फिरत्या टॉकीजबरोबर तुमच्याकडे येते आहे. वडशाला तंबू लागला की जाऊन बघ आणि जसं वाटेल तसं कळव. तुझ्याकडून खरं ऐकायची सवय झाली आहे.

तुझा
मुखरू


वडसा
१६ नोव्हेंबर १९५८

चि. मुखरूस,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळचा खेळ बघितला. बायकांच्या बाजूला सासूबाई माझ्याशेजारी होत्या. आसपासच्या गावांतून बैलगाड्या आल्या होत्या.

यान उडालं आणि रोवणीची चाल सुरू झाली तशा मागच्या बाया तोंडातल्या तोंडात गाऊ लागल्या. त्यांना ओळखायला एक ओळही लागली नाही. मग चाल गळू लागली. बाया तिच्याबरोबर गळत गेल्या, एकेक करून थांबल्या. शेवटचा सूर गेला आणि तंबूत नुसती माणसं श्वास घेत होती. कोणी शिट्टी मारली नाही. मुखरू, तुझी शांतता पुरी अडीच मिनिटं टिकली. माझ्यासमोर एक नवी नवरी बसली होती, तिने पदर डोळ्यांना लावला.

सासूबाईंना वाचता येत नाही. खेळ संपल्यावर त्यांनी विचारलं, नाव आलं होतं का. मी हो म्हटलं. त्या काठी टेकत उठल्या आणि बाहेर निघालेल्या बायांना अडवून मोठ्याने म्हणाल्या, "हे गाना माह्या सुनेनं बांधलं. आन् माह्या पोरानं वाजवले तेही हिचेच होते." गावात लेकाला लबाड म्हणू नको असं मला बजावलं होतं, आणि त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. घरी येताना त्यांनी माझा हात सोडला नाही.

आज सकाळी लच्छूभाऊ आले. नव्या नाटकाला चाली हव्यात, आणि पत्रकावर नाव माझं छापायला तयार आहेत. मी म्हटलं, नाव तर छापालच, पण पायपेटीवर मीच बसेन, पडद्याआड नाही, लोकांसमोर. ते म्हणाले, गावोगावी बोलतील, ब्रह्मपुरीत तर दगडही येतील. मी म्हटलं, येऊ देत. पोचू ढोल घेऊन शेजारी बसतो म्हणाला आहे. पहिला खेळ ब्रह्मपुरीलाच, पौषातल्या पहिल्या रविवारी.

नोकरी गेली त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस आणि शेठजींच्या दारात परत जाऊ नकोस. मंडळीला नाटक बसवणारा माणूस हवा आहे. ये, नाही तर तिथेच राहून दुसरं चित्र मिळव. पण मान खाली घालून नाही.

लोभ असावा. नसला तरी चाल बदलणार नाही.

तुझी ताई
इंदू