उजवीकडून एकेक अंक

सोमवार, ३ मार्च

सापडली! ७३९३९१३३! शेवटचा अंक पुसा — उरते ती मूळ संख्या. पुन्हा पुसा — तीही मूळ! थेट ७ उरेपर्यंत. एक आणि ती स्वतः, तिसऱ्या कुणाचा भाग तिला जात नाही. आणि या जातीतली हीच सगळ्यांत मोठी!! शिक्षकखोलीत नाचायचीच बाकी होते.

या आठवड्यात फळ्यावरच्या सुविचाराची पाळी माझी. सुविचार गेला खड्ड्यात, हीच लिहायची! माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून चित्रकलेच्या मास्तरांनी लिहून दिली. निळ्या खडूने, नऊच्या शेपट्या झोकात वळवून. रोज सकाळी दोघांनी मिळून एक अंक पुसायचा असं ठरलं.

मंगळवार, ४

७३९३९१३. मास्तरांची बदली झाली म्हणे. पुढचा मंगळवार शेवटचा. मला काय त्याचं!

बुधवार, ५

आहे. मला त्याचं फार आहे. घ्या, लिहून टाकलं. वय बावन्न, आणि आज पावडर दोनदा!

गुरुवार, ६

पुसता पुसता मास्तर म्हणाले, "बाई, पुसण्याऐवजी सोमवारच्या त्या अख्ख्या संख्येला शेवटी एखादा अंक जोडला असता तर?"

झाले मी सुरू! सम अंक नको, पाच नको, १ किंवा ७ जोडला की तीनने भाग जातो, ३ आणि ९ जोडूनही फुटतेच.

"म्हणजे हिला जोडीला कुणीच चालत नाही?"

"कुणीच नाही!" — ठणकावून सांगितलं. मग जीभ चावली. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. खडूची धूळ झटकत म्हणाले, "आणि आमच्यासारखा एकटा एक? तो तरी मूळ ना?"

"नाही हो. एक मूळही नाही, संयुक्तही नाही."

"घ्या! आम्हाला कुठेच थारा नाही." हसले. मी मात्र दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या.

शुक्रवार, ७

वहिनीला संख्येचं सगळं समजावलं. ती पोळ्या लाटत ऐकत होती. म्हणाली, "वन्सं, हे संख्येचं चाललंय की मास्तरांचं?" गणितात ढ, पण नस बरोबर पकडते!

शनिवार, ८

७३९. धीर केला. तोंड उघडलं. आणि बोलले काय? "मास्तर, खडूचा डबा कुठाय?" डबा माझ्याच हातात.

सोमवार, १०

७३.

मंगळवार, ११

सकाळी ७ उरला. दुपारी निरोपाची भाषणं. मला रडू आवरेना, म्हणून नववीच्या वर्गात पळाले. सगळे गेल्यावर शिक्षकखोलीत आले, तर ७च्या डावीकडे निळ्या खडूने झोकात काढलेला १! खाली बारीक अक्षरांत — "शेवटी कुणी चालत नाही म्हणालात. सुरुवातीला चालेल का, ते विचारायचं राहिलं."

सतरा! सतरा मूळ आहे!! पहिल्याच दिवशी हा एक पुढे लावला असता तर अंकांची बेरीज एकोणचाळीस, तीनने सरळ भाग गेला असता. मास्तरांना यातलं ओ की ठो कळत नाही. ते आपले थांबून राहिले.

मंगळवार, संध्याकाळ

फोन केला. "मास्तर, सतरा फुटत नाही."

"म्हणजे हो का, बाई?"

"हो!"