झटकलेले खांदे

९ मार्च, सोमवार
(आज दुकान बंद)

प्रिय अक्का,

नमस्कार. माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोन करता आला असता, पण फोनवर तू "मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि मी हवापाण्यावर जातो. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, एवढाच माझा फायदा.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींनी गच्चीवर आणखी कुंड्या चढवल्या म्हणे. जिना कोण चढणार ते आधी ठरवा. इकडे दुकानात नवी खुर्ची आली. वर होते, खाली होते, मागे कलते, सगळं करते, फक्त केस तेवढे मला कापावे लागतात. जुनी खुर्ची खिडकीशी सरकवून ठेवली आहे. टाकवत नाही. आपली वकीलबाई, माझी वाद घालणारी लेक, त्याच खुर्चीत लहानाची मोठी झाली. तिची आई गेली तेव्हा ती खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकल्याशिवाय आरशात दिसायचीही नाही, आणि आता पाय जमिनीला टेकतात.

तिच्यासाठीच लिहितोय. सुट्टी लागली की तिला महिनाभर तुझ्याकडे पाठवू का? पोर दमली आहे. अभ्यास फार असतो हल्ली. जरा हवापालट होईल.

एवढं लिहून मी चहा करून आलो. परत वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. अभ्यासाने ती कधी दमली आहे का? नीट सांगतो.

या वर्षी तिचा वर्ग बदलला. थोड्याच दिवसांत सकाळी पोटात दुखायला लागलं. मी कोमट पाणी दिलं, ओवा दिला, "दप्तर आदल्या दिवशी भरत जा" म्हणून वर उपदेशही दिला. मग एकदा संध्याकाळी मी दुकान झाडत असताना ती त्या जुन्या खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मी जवळून गेले की वर्गातले सगळे खांदे झटकतात."

मला आधी कळलंच नाही. तिने करून दाखवलं. मी गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून ब्रश फिरवतो ना, तसं. दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे. जणू तिच्या अंगावरून दुसऱ्यांचे कापलेले केस त्यांच्यावर उडाले आहेत. कुणी काही बोलत नाही, हात लावत नाही. तिने वही पुढे दिली की घेणारा आधी वहीवर फुंकर मारतो. बाई फळ्याकडून वळल्या की सगळे शहाण्यासारखे बसलेले. सुरुवात केली ती समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंच्या मुलाने, आणि मग सगळा वर्ग त्याच्या मागे.

आणि मी हसलो, अक्का. म्हटलं, "अगं, मी दिवसभर हेच करतो आणि त्याचे पैसे घेतो. ते वेडे फुकट करतात!" मला वाटलं, तीही हसेल. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. एरवी साध्या भाजीवरून माझ्याशी खटला चालवणारी पोरगी, तिने एक उलटा प्रश्न विचारला नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

पुढे मी सगळं केलं, म्हणजे जे सोपं होतं ते सगळं. दुर्लक्ष कर म्हटलं. तूही झटक म्हटलं. तिच्या बाईंना जाऊन भेटलो. बाई तरुण आहेत, मनाने वाईट नाहीत. म्हणाल्या, "मी लक्ष ठेवते. पण कुणी मारत नाही, शिवी देत नाही. खांदा झटकला म्हणून शिक्षा कशी करू?"  मान डोलावून परत आलो.

शेवटी वकीलबाईच म्हणाल्या, "बाबा, तू काही करू नकोस. फक्त शाळा सुटताना फाटकापाशी येऊन उभा राहा. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत सगळे माझ्या मागून येतात. तेवढंच."

नेमकी तीच दुकानात गर्दीची वेळ. मी म्हटलं, "बघतो." आपल्या घरात 'बघतो' म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं.

वर्गाचा फोटो काढायचा होता त्याच्या आदल्या दिवशी त्या औषधवाल्या बाई मुलाला घेऊन आल्या. "फोटोसाठी जरा नीट करा हं," म्हणाल्या आणि त्यांच्या दुकानात कोणी नाही म्हणून त्याला ठेवून लगेच परत गेल्या. मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. मान अगदी बारीक, मानेवर लव. मी कात्री चालवत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे ती वहीवरची फुंकर.

मशीनवर केसांची लांबी राखणारा कंगवा लावलेला असतो. तो मी काढून बाजूला ठेवला. आणि कानामागून वरपर्यंत एक पट्टा सरळ ओढला.

अक्का, तुला खोटं सांगणार नाही, त्या क्षणी मला बरं वाटलं. आरशात त्याचा चेहरा कसा होत गेला ते मी पाहिलं. ओठ आत ओढून घेतले, डोळे भरले, पण रडला नाही. त्या पट्ट्याशी जुळवायला मग सगळं डोकंच बारीक करावं लागलं. झाल्यावर मी ब्रश घेतला आणि त्याचे खांदे झटकले. दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे. हळूहळू. आरशात आमची नजर मिळाली. त्याला समजलं.

त्याची आई आली आणि दारातच थबकली. मी म्हटलं, "काय करणार, मशीन घसरलं." त्या बिचाऱ्या मलाच म्हणाल्या, "हाच हलला असेल. एका जागी बसेल तर शपथ!" आणि मी "हो ना" म्हणालो. मुलगा हाताने डोकं झाकत बाहेर पडला.

दोन दिवसांनी वकीलबाईंनी घरी येऊन सांगितलं, आता कुणी खांदे झटकत नाही. मी खूश. आइस्क्रीम आणून ठेवलं होतं. तिने डब्याला हात लावला नाही.

"मुद्दाम केलंस?"

"अगं, तो हलला."

"गिऱ्हाईक हललं की तू मशीन आधी उचलतोस. मी रोज बघते. तुझा हात घसरत नाही, बाबा."

मी चमचे शोधू लागलो.

"आता सगळे त्याच्या डोक्यावर टपल्या मारतात. मला म्हणतात, तुझ्या बाबांनी भारी अद्दल घडवली. मधल्या सुट्टीत मला बोलावतात, ये, तूही मार." तिने दप्तर खाली आपटलं. "मला त्यांच्यात उभं राहायचं नव्हतं. तू मला त्यांच्यात नेऊन उभं केलंस."

आइस्क्रीम वितळून गेलं. मी ते मोरीत ओतलं.

दर रविवारी मी तिच्या कपाळावरची झुलपं कापतो, तुला माहीत आहे. त्या रविवारी मी जुन्या खुर्चीवर कापड झटकून हाक मारली. तिने वर घरातूनच "नको" म्हटलं. पुढच्या रविवारीही नको. आता केस डोळ्यांवर आले आहेत. पुस्तक वाचताना एका हाताने वर धरते आणि दुसऱ्याने पान उलटते. मला दिसावं म्हणून नाही करत गं ती. तिच्या ते लक्षातही नसतं.

शाळा सुटताना मी आता फाटकापाशी जातो. दुकानाला रोज त्या वेळी कुलूप लावतो. गिऱ्हाइकं तुटतात तर तुटू देत. पण ती मला बघून रस्ता ओलांडते आणि पलीकडच्या बाजूने चालते. मी अलीकडून, ती पलीकडून. कोपऱ्यावर आम्ही भेटतो आणि दुकानावरच्या घराचा जिना चढतो.

मध्यंतरी त्या औषधवाल्या बाई मुलाला घेऊन पुन्हा आल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्याने घरी चकार शब्द काढला नव्हता. बाई सहज म्हणाल्या, "हल्ली शाळेत जायचं म्हटलं की याच्या पोटात दुखतं. दुकानातलं सगळं देऊन पाहिलं." माझ्या हातातली कात्री थांबली. मी काय म्हणालो असेन? "हवा बदलली ना, त्याने होतं." अक्का, असा मी. कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

परवा मात्र गेलो. त्यांच्या दुकानात गर्दी सरेपर्यंत बाहेर उभा राहिलो आणि मग सगळं सांगितलं. कंगवा काढला होता, मशीन घसरलं नव्हतं, मुलगा हलला नव्हता. बाई गोळ्यांची पाकिटं कप्प्यात लावत होत्या, त्या थांबल्या. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीला त्रास होत होता, तर समोरच्या समोर मला का नाही सांगितलंत? मी याचा कान धरला असता. तुम्ही रस्ता ओलांडून आला असतात तर पुरलं असतं."

खरंच पुरलं असतं. शाळेत गेलो, बाईंना भेटलो, आणि दुकानासमोरचा रस्ता तेवढा मी ओलांडला नाही.

त्यांनी मुलाला आतून बोलावलं. मी त्याची माफी मागितली. तो पूर्ण वेळ माझ्या हातांकडे बघत होता. तोंडाकडे एकदाही नाही. मग त्याच्या आईने विचारल्यावर म्हणाला, "मीच सुरू केलं होतं." त्या आता शाळेत जाऊन बाईंशी बोलणार आहेत, दोघांबद्दल. काय होईल ते होईल.

घरी येऊन वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरं केलंस. पण पुन्हा माझ्यासाठी काही करणार असशील तर आधी मला विचार." मी हो म्हटलं. मला वाटलं, आता झुलपं कापू देईल. नाही. उलट थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "सुट्टीत आत्याकडे जाऊ?"

म्हणजे मी तिला पाठवत नाहीये. ती जायचं म्हणते आहे. वर जे हवापालट वगैरे लिहिलं, ते माझी अब्रू झाकायला. खोडणार होतो, पण राहू दे. तुझा भाऊ कसा आहे ते तुलाही कळू दे.

मला सारखं आठवतं, लहानपणी तू माझ्या डोक्यावर वाडगा ठेवून केस कापले होतेस. एक बाजू कानाच्या वर, दुसरी खाली. वर्गात मला हसून हसून हैराण केलं सगळ्यांनी. मधल्या सुट्टीत तू येऊन माझ्या वर्गाच्या दाराशी नुसती उभी राहिलीस. कुणाला दमही दिला नाहीस. सुट्टी संपेपर्यंत उभी होतीस, आणि कुणी हसलं नाही. एवढं सोपं मला माहीत होतं, अक्का, आणि ऐनवेळी माझ्या डोक्यात आलं ते मशीन.

ती आली की तिला काही समजावू नकोस. माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. फक्त तिचे केस डोळ्यांवर येतात, तेवढे काप. कात्री मी तिच्या पिशवीत ठेवतो, चांगली धारेची आहे. तिरके कापले गेले तरी काही बिघडत नाही. तुझा हात घसरला, तर तो घसरलाच आहे यावर ती विश्वास ठेवेल.

तुझा भाऊ,
ज्याच्या खुर्चीत आता ती बसत नाही