मुलांना नाव घेऊन सांग

बाळ्या,

मी हॉस्पिटलात दाखल व्हायला निघालोय. माझी छाती वाढली तेव्हा तू माझ्या शिकवणीच्या मुलांसमोर म्हणालास, "बाबा, आता ब्लाउजच शिवून घ्या!" ती चरबी नव्हती. उजव्या वृषणात गाठ आहे आणि ती बायकांचं हार्मोन तयार करते. असा कॅन्सर क्वचितच होतो म्हणे. आज ते वृषण काढतील. पसरलाय का, ते नंतर कळेल.

सोबत तुझा काका आहे. तू धावत येऊ नकोस.

संध्याकाळी मुलांचे अपूर्णांक घे. मी कुठे आहे असं ती विचारतील, तेव्हा अवयवाचं नाव घेऊन खरं सांग. उद्या त्यांच्यातल्या कुणाला तिथे गाठ हाताला लागली, तर घरी बोलायची लाज वाटू नये. मला या घरात वाटली. उशीर त्यानेच झाला.

— बाबा