मानेतली गादी आणि माझं अक्षर

रेगेन्सबर्ग, मंगळवार

तीर्थरूप राजाभाऊंना पद्माकरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग शाईतच. प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुमचा गुडघा, वहिनींची साखर आणि पार्किंगवरून सोसायटीशी चाललेलं तुमचं भांडण, तिन्ही आटोक्यात असावीत. आम्ही इकडे खुशाल आहोत.

या शेवटच्या वाक्यानेच माझा घात केला. फेब्रुवारीत उजव्या हाताने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. एमआरआयमध्ये मानेच्या मणक्यातली गादी सरकलेली दिसली. आमचे हाडांचे डॉक्टर दर महिन्याला विचारत, "वी गेट्स?" म्हणजे, कसं काय? आता 'कसं काय'ला आपल्याकडे काय सांगतात? मी म्हणायचो, "गुट, गुट!" म्हणजे छान, छान, आणि वर त्यांच्या बागेची चौकशी करायचो. जर्मन माणूस विचारतो तेव्हा त्याला खरंच उत्तर हवं असतं, हे वीस वर्षं इथे मोटारी बनवूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्यांनी पाच महिने इमानेइतबारे लिहिलं, रुग्ण मजेत. अंगठ्यालगतचा उंचवटा सपाट झाला, तरी कागदावर मी पैलवान! मग नुसत्या एमआरआयवरून मानेच्या ऑपरेशनची तारीखही ठरली.

शेवटी ऊर्मिला सोबत आली. दारातूनच सुरुवात. "ह्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही, पोटरी बेडकासारखी उडते, आणि हे आपले गुट गुट!" आमच्या अन्वीने त्याचं जर्मन केलं, बेडकासकट. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, ऑपरेशन थांबवलं आणि मला मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

बाई स्पष्ट. म्हणाल्या, गादीने हात दुबळा होतो, तसा मोटर न्यूरॉनच्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूंच्या, आजारानेही होतो, आणि हा आजार कधीकधी गादीच्या आडोशाला बसलेला असतो. (आपला शिरीष लग्नात दुसऱ्याच्या वऱ्हाडात मिसळून जेवायचा, तसा.) गादीला ऑपरेशन आहे, त्याला नाही, उगाच मान कापून घेण्यात अर्थ नाही. मग हातापायांत सुया खुपसून त्यांनी यंत्रावर माझे स्नायू ऐकले. हुबेहूब तुमच्या रेडिओची खरखर. घरी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तरं देणारी अन्वी माझा दुसरा हात धरून चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, हलू नको." मी हललो नाही. आत जरा हललो, ते यंत्रात आलं नाही.

निकाल असा की आत्ताच सांगता येत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा सुया. 'सांगता येत नाही' हे इतकं ठणकावून मी पहिल्यांदाच ऐकलं.

वहिनींना नमस्कार. बाकी ठीक. (हे 'ठीक' धरू नका.)

तुमचा,
पद्माकर

ता. क. : बाईंना ताडून बघायला माझं जुनं हस्ताक्षर हवंय. बिस्किटांच्या डब्यातली माझी पत्रं पाठवाल का? मजकुराची काळजी नको. वहिनींच्या लाडवांवर लिहिलेलं पत्रही चालेल, बाईंना मराठी येत नाही.

आणखी एक : माझ्या अक्षराला तुम्ही जन्मभर कोंबडीचे पाय म्हणत आलात. पाठवण्याआधी हे पत्र त्या पत्रांशेजारी ठेवून बघा. कोंबडी तीच असेल तर फोन करून यथेच्छ टोमणे मारा. बदललेली दिसली, तर तेही सरळ सांगा. गुट गुट करू नका.