‘निरोगी’ लिहिलेली कुपी

१६ एप्रिल
धाकट्या बहिणीचा फोन. “ताई, त्या काळोख्या खोलीत दिवसभर करतेस तरी काय गं?” म्हटलं, ठिपके बघते! हसली. पण खरंच तेवढंच आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशय आला की पेशंटची लघवी आमच्या लॅबमध्ये येते. तिच्यातल्या पेशींवर चमकणारे रंग लावायचे. ते गुणसूत्रांवर ठरल्या जागी चिकटतात. निरोगी पेशीत प्रत्येक रंगाचे दोन ठिपके – एक आईकडचा, एक बापाकडचा. कर्करोगाच्या पेशीत लाल-हिरवे-निळे वाढलेले आणि पिवळे गायब.

“आणि मग एकटीच घरी जातेस,” ती म्हणाली. दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दूध नव्हतंच घरात.

१८ एप्रिल
रंगाची नवी खेप आली. पेशंटच्या नमुन्यांना लावण्याआधी ती निरोगी माणसाच्या पेशींवर पारखून घ्यावी लागते. इतकी वर्षं तो मान आमच्या नवऱ्याचा! “माझ्याइतका ठणठणीत गडी तुमच्या अख्ख्या लॅबला मिळायचा नाही,” म्हणत बाटली अशी ऐटीत हातात द्यायचा, जसं काही पदकच! मग एक दिवस हृदयाने दगा दिला.

फ्रीजरमध्ये त्याच्या पेशींची शेवटची कुपी आहे. तळाला जेमतेम थेंबभर. वर माझ्याच अक्षरात ‘निरोगी’. ती वापरवेना. माझाच नमुना दिला. मला काय धाड भरलीय!

२२ एप्रिल
रंग बिघडलेला! लाल तीन, कुठे चार. हिरवेही तसेच. पिवळा एकही नाही. कंपनीच्या नावाने मनसोक्त बोटं मोडली.

सगळ्या पेशींत नाही पण. काहींतच. रंग काय पेशी निवडून बिघडतो? – असं मनात आलं आणि मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

२३ एप्रिल
डॉक्टरीणबाई – आमच्या प्रमुख – म्हणाल्या, “नमुना कुणाचा होता?”
“आहे एकजण.”
“तो निरोगी आहे हे तपासलं होतं का आधी?”
कधीच नाही तपासलं. आपणच आपल्याला निरोगी ठरवून मोकळी!
“मग ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे, अशा नमुन्यावर लावून बघा. पेशंट खोळंबलेत.”
तसा नमुना एकच आहे.

२४ एप्रिल
गेल्या महिन्यात लघवी लालसर झाली होती. एकदा नाही, दोनदा. दुखलं नाही. उष्णता झाली असेल म्हणून पाणी प्यायले आणि विसरले. हीच तक्रार रोज पेशंटच्या कागदावर वाचते मी!

२५ एप्रिल
कुपी काढली. परत ठेवली.

त्याच्या पेशींतही ठिपके वेडेवाकडे आले तर खेप खराब, मी सुटले. नीट आले तर बिघाड माझ्यात. म्हणजे त्याचे शेवटचे थेंब वाया जावेत म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेय! त्याला सांगितलं असतं तर पोट धरधरून हसला असता. आता सांगू कुणाला? फार एकटं वाटतं. घरी आल्यावर दिवा लावायलाही हात उचलत नाही.

कपडे वाटून टाकले, चष्मा देऊन टाकला. त्याचं स्वतःचं असं एवढंच उरलंय, आणि तेही उणे वीस अंशांत.

२६ एप्रिल
कुपी उघडली. होतं नव्हतं ते काचपट्टीवर उतरवलं. रंग लावला. चिकटायला रात्र लागते.

२७ एप्रिल
लाल दोन. हिरवे दोन. निळे दोन. पिवळे दोन. एकूण एक पेशीत. ठणठणीत गडी!

रंगात काही खोट नाही. धाकटीला फोन लावते.