माझ्या मयतीला डोंगा बांधायचा नाही

मी, श्रीमती जमुना महादेवराव खलोकार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा भाजीपाला पिकवणे व डोंगा चालवणे, राहणार मौजे बोरखेडी बेट, तालुका वरूड, जिल्हा अमरावती, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरी कोणाला शंका असेल तर त्याने येऊन माझ्याशी भांडून पाहावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारा माणूस अजून आमच्या गावात उतरायचा आहे.

१. राहते घर आणि मागचे वांग्या-मेथीचे वावर माझा एकुलता एक मुलगा नितेश याला द्यावे. तो अमरावतीला कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसतो. त्याला पाण्यावर मळमळते, त्यात त्याचा दोष नाही. पण वावर पडीक ठेवले तर गाव बोलेल, आणि ते त्याने ऐकून घ्यावे.

२. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुलाच्या भूमिपूजनाचा कोरीव दगड पडला आहे. पूल काही आला नाही. इतकी वर्षे मी त्या दगडावर धुणे धुतले. तो ग्रामपंचायतीला परत करावा. नावे आता वाचता येणार नाहीत.

३. धरणाचे पाणी चढले तेव्हापासून आमचे गाव तिन्ही बाजूंनी पाण्यात आहे. चौथ्या बाजूचा नाला फक्त उन्हाळ्यात पायी ओलांडता येतो. बाकी दिवस शाळा, बाजार, दवाखाना, सगळे एका डोंग्यावर. एसटी पलीकडच्या फाट्यावर येते आणि आमच्यासाठी थांबत नाही. हा डोंगा, दोन्ही वल्ही आणि मनात आले तर चालणारे इंजिन मी माझी सून आरती हिला देते. काही वर्षांपासून फेऱ्या तीच करते. नितेशने डोंगा सहलवाल्यांना विकायचे काढले होते. आरती त्याला म्हणाली, "तुमी खुशाल अमरावतीले राहा. मी गेली तं ह्या लोकायनं काय पोहून जावं?" तो विषय मग घरात निघाला नाही. मला ही पोरगी तेव्हा फार आवडली, पण तिला कधी सांगितले नाही. इथे सांगते.

४. आता मुख्य कलम. आमच्या घराची रीत अशी, की डोंगेवाल्याच्या घरी मयत झाली की डोंगा खुंट्याला बांधायचा आणि राख सावडेपर्यंत सोडायचा नाही. माझे यजमान भर श्रावणात गेले. त्यांचे मोठे भाऊ सहदेवभाऊजी यांनी डोंगा स्वतःच्या हाताने बांधला. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या हर्षाला कळा सुरू झाल्या. मूल आडवे आले. तानुबाई सुईण म्हणाली, हे दवाखान्याशिवाय होत नाही. गावचे पुरुष काठावर खुंट्याकडे पाहत उभे राहिले. मी कालच कुंकू पुसलेली बाई, त्यांच्या मधून गेले आणि दोर सोडला. वल्हे कधी धरले नव्हते. भाजीच्या टोपल्या घेऊन रोज बसत होते, तेवढेच माझे शिक्षण.

भाऊजी म्हणाले, "जमुना, त्याची राख गरम हाये अजून."

मी म्हटले, "राख तं थंडी होईनच, भाऊजी. हे पोरगी थंडी पडू नये."

हर्षा वाचली. तिचा शिवम आता बारावीला आहे. भाऊजी मात्र त्या दिवसापासून या डोंग्यात बसले नाहीत. मोतीबिंदू पिकला, तरी नाला उतरल्यावर जाऊ म्हणतात, आणि उन्हाळ्यात विसरतात. राग मलाही आहे. त्यांचा भाऊ गेला हे मला कळते. पण माझा नवरा गेला होता, हे त्यांनी कधी समजून घेतले नाही.

म्हणून बजावते. मी मेल्यावर डोंगा बांधायचा नाही. दुधाची आणि शाळेची फेरी आधी, मग माझे. मला घाई नाही. आरतीला रडायचे असेल तर तिने वल्हे मारता मारता रडावे, मला पोचेल.

पण घरातले वडीलधारे भाऊजीच. त्यांनी बांधला तर गावात कोणी सोडणार नाही, आरतीलाही सोडू देणार नाहीत. म्हणून या कलमाला त्यांची साक्ष हवी. कागद वरूडच्या कचेरीत होणार आणि भादव्यात नाल्याला पूर आहे, म्हणजे डोंग्याशिवाय येणे नाही. आरतीच्या हाती निरोप पाठवला आहे. आले नाहीत तर त्यांची जागा कोरी ठेवावी, तिथे दुसऱ्याचे नाव घालू नये.

हे सर्व ओमप्रकाश मास्तरांनी माझ्या सांगण्यावरून लिहून मला वाचून दाखवले. त्यांनी दोन ठिकाणी गोड केले होते, ते मी पुन्हा होते तसे करायला लावले.

ठिकाण : वरूड
दिनांक : ३ सप्टेंबर २०२५

लिहून देणार : जमुना महादेवराव खलोकार (सही)

साक्षीदार :
१. तानुबाई रामराव उमप, रा. बोरखेडी बेट (डाव्या हाताचा अंगठा)
२. ओमप्रकाश भोजने, निवृत्त शिक्षक, रा. वरूड (सही)
३. सहदेव खलोकार, रा. बोरखेडी बेट (सही. खाली स्वहस्ते : "डोंग्यात बसून आलो. मी बांधणार नाही.")