खोली चारची ओळ

३ मार्च
आलो बाई एकदाच्या! मी, आई, दोन ट्रंका आणि तिचं लोकरीचं गाठोडं. वृद्धाश्रमात नोकरी म्हटल्यावर मैत्रिणींनी नाकं मुरडली होती. नोकरीबरोबर आईलाही खोली मिळते हे कळल्यावर गप्प झाल्या. आईची खोली चार, खिडकी थेट माझ्या ऑफिससमोर. ती तिथे विणत बसते आणि मी मान वर केली की हात हलवते. आज इतक्यांदा हलवला की शेवटी मी पडदाच ओढला. संध्याकाळी भेटल्यावर म्हणाली, ढमे, पडदा ओढायचा नाही. बरं बाई, नाही ओढत.

४ मार्च
माझं काम म्हणजे एक्सेलची एक फाइल. सकाळी बटण दाबलं की तिच्यातला मॅक्रो, म्हणजे आत लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम, एकेका खोलीची ओळ वाचतो आणि कुणाला कोणतं औषध, कुणाचं जेवण बिनमिठाचं, याच्या चिठ्ठ्या छापतो. मेट्रनबाईंची तक्रार अशी, की चिठ्ठ्या कमी निघतात आणि फाइल मात्र सगळं ठीक म्हणते. कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. वरच लिहिलंय, 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. म्हणजे चूक झाली तरी गप्प बस आणि पुढे जा. शेजारी हिरव्या अक्षरांत, माझ्या आधी इथे असलेल्या गृहस्थांची टीप: ही ओळ काढू नये. वा रे वा! दुखणं अंगावर काढण्यातलाच प्रकार हा. काढून टाकली.

५ मार्च
बटण दाबलं आणि मॅक्रो अडकला. मला तेच हवं होतं. अडलेली ओळ पिवळी होते, तिच्यावर माउस नेला की खोलीचा नंबर दिसतो. नऊ. मेट्रनबाई म्हणाल्या, नऊ तर बंद असते. मग जरा थांबून म्हणाल्या, बंद असते का गं? दोघी बघायला गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत पलंगावर एक बाई. चादरीवर धूळ, केस उशीला चिकटलेले, डोळे उघडे. जिवंत होती! सगळे रोज त्या दारावरून जातात. मेट्रनबाई डॉक्टरांना बोलवायला धावल्या. दुपारी ती बाई गेली.

६ मार्च
आधीचे गृहस्थ नोकरी सोडल्यावरही रोज येऊन अंगणातल्या बाकावर बसतात. का येतात ते त्यांनाही सांगता येत नसे म्हणे. आज धाय मोकलून रडत होते. नऊमधली बाई त्यांची बायको. मॅक्रो ज्या खोलीवर अडेल तिथलं माणूस दिवस मावळायच्या आत जायचं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग एकदा तो बायकोच्या खोलीवर अडला, तेव्हा त्यांनी कोडमध्ये ती 'रिझ्यूम नेक्स्ट'ची ओळ घातली. बायको राहिली. पण मॅक्रोने तिला ओलांडलं, तसं सगळ्यांनीच ओलांडलं. नर्सने, डॉक्टरांनी, शेवटी खुद्द नवऱ्यानेही. काल एकाएकी आठवली म्हणून धावत आले, तोवर तोंडावर चादर ओढलेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, सोडवलंस तिला. दुःखाने डोकं फिरलंय बिचाऱ्यांचं.

९ मार्च
आज खोली दोनवर अडकला. एकेक ओळ चालवून पाहिली, नाव, औषध, तारीख, कशातच चूक नाही. दोनमधले आजोबा ठणठणीत आहेत, सकाळीच माझ्या वेणीवरून चिडवत होते.
संध्याकाळी गेले.

११ मार्च
पिवळी ओळ. माउस नेला. चार.
पुन्हा बटण. चार. फाइल बंद करून उघडली. चार. आईची ओळ पुसून नव्याने टाइप केली, नाव, वय, रक्तदाबाची गोळी — चार.
ती खिडकीत आहे. हात हलवतेय. अगं आई गं, हात हलवतेय.

११ मार्च, दुपारी
बाकावरच्या काकांनी हात जोडले. ती ओळ घालू नकोस, आईजवळ बस, तिचा हात हातात घे आणि जाऊ दे, म्हणाले. बोलायला काय जातं! मला माझी आई हवी आहे. आणि माझ्याकडे ही डायरी आहे, काकांकडे नव्हती. इथे ठळक लिहून ठेवते: खोली चारमध्ये माझी आई आहे. रोज सकाळी हे वाचायचं, तिला जेवू घालायचं, केस विंचरायचे.
ओळ परत घातली. मॅक्रो सुरळीत चालला. एक चिठ्ठी कमी निघाली.

१२ मार्च
वाचलं. गेले. आई आहे! केस विंचरले, खूप हसलो. बाहेर आल्यावर मेट्रनबाईंनी विचारलं, त्या बंद खोलीत काय करत होतीस?

१५ मार्च
वाचलं. जेवण न्यायला उशीर झाला. विसरले नाही, उशीर झाला. आई रागावली नाही. रागवायला हवी होती.

१९ मार्च
मधल्या दिवसांची पानं नाहीत. मी गेले होते ना? गेलेच असेन. चारमध्ये माझी — चारमध्ये —

२६ मार्च
छान चाललंय. मॅक्रो एकदाही अडत नाही, मेट्रनबाई खूश. एकटीसाठी दोन ट्रंका कशाला आणल्या कोण जाणे. मागची पानं चाळली, पण नजर ठरत नाही, ओळी सोडून खाली घसरते.
बाकावरचे काका मला बघून रडतात.

२ एप्रिल
समोरच्या खिडकीत एक म्हातारी आहे. काचेला हात टेकलाय. ओठ हलतात. ढमे म्हणतेय वाटतं. अनोळखी बाईला असं म्हणतात का? पण माझा हात आपोआप वर का —
कुणाची आहे बिचारी? कुणी बघत कसं नाही तिच्याकडे? जाऊन विचारते. समोरच तर —
उठले. कशाला उठले होते?
हं. डोळ्यांवर ऊन येतंय. पडदा ओढून